शिट्टीनंतरची दोन मिनिटे

व्यापारी कुटुंबाचा दिवस बराचसा रस्त्यावर जातो. पहाटे मार्केट यार्डात मालाचा टेम्पो भरला जातो, दहाच्या सुमारास वडील दुकानाकडे निघतात, दुपारी मुलगा वसुलीसाठी शेजारच्या तालुक्याला जाऊन येतो, सून मुलांना शाळेतून आणते आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाला घरी पोहोचण्याची सर्वांनाच घाई असते. एका घरात दोन दुचाकी, एक मोटार आणि एखादे मालवाहू वाहन असणे आता नवलाचे राहिलेले नाही. एवढी वाहने आणि एवढे फेरे म्हटल्यावर कधी ना कधी चौकातील पोलिसाची शिट्टी वाजते, त्याचा हात वर होतो आणि गाडी बाजूला घ्यावी लागते.

त्या क्षणी चालकाच्या मनात बहुधा तीनपैकी एक भावना उमटते. कुणाला भीती वाटते, कुणाला राग येतो आणि कुणाचा हात थेट मोबाइलकडे जातो. कारण पोलीस ठाण्यात, नगरपालिकेत किंवा एखाद्या नेत्याच्या कार्यालयात ओळखीचा माणूस असतो. भ्यालेला चालक गाडी पळवतो, रागावलेला चालक शब्दाला शब्द वाढवतो आणि ओळखीवर विसंबणारा चालक समोरच्या पोलिसाला वरिष्ठाचे नाव ऐकवतो. दोन मिनिटांत संपणारी तपासणी या तिन्ही वाटांनी प्रकरण होऊन बसते.

एका हवालदाराचा मृत्यू

हे प्रकरण किती दूर जाऊ शकते, याची आठवण मुंबईला आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी खार भागातील एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घालता दुचाकी चालवणाऱ्या एका मुलाला थांबवले. मुलगा अल्पवयीन होता. त्यांनी कागदपत्रे मागितली. कागद दाखवण्याऐवजी मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावून घेतले. भाऊ आला आणि त्याने दांडक्याने शिंदे यांच्या डोक्यावर प्रहार केला. आठवडाभर मृत्यूशी झुंज देऊन ३१ ऑगस्ट रोजी शिंदे यांनी रुग्णालयात प्राण सोडला.

या घटनेत हल्लेखोराचा अपराध तर उघड आहेच. परंतु प्रत्येक घराने विचार करावा अशी एक गोष्ट त्याच्याही आधी घडली होती. परवान्याचे वय न झालेल्या मुलाच्या हाती दुचाकी आली होती. पोलिसाने अडवले की घरच्या मोठ्या माणसाला फोन करायचा, हा संस्कारही त्या मुलाला कुठून तरी मिळाला होता. तपासणीच्या वेळी चालक कसा वागेल, हे चौकात ठरत नाही. त्याच्या घरात आणि दुकानात काय बोलले जाते, यावर ते फार आधी ठरलेले असते.

थांबावे कसे

पोलिसाने इशारा करताच जागच्या जागी करकचून ब्रेक दाबणे, ही सर्वांत सामान्य चूक होय. आपल्याकडे पोलीस अनेकदा भर रस्त्यात उभा राहून हात करतो. त्याच्या पुढ्यातच गाडी थांबली तर मागून येणारे वाहन येऊन आदळण्याचा धोका असतो आणि त्या पोलिसाच्याही जिवाला अपाय संभवतो. म्हणून वेग हळूहळू कमी करावा, डावा इंडिकेटर द्यावा, इशारा दिसला आहे हे मान हलवून कळवावे आणि कडेला सुरक्षित जागी थांबावे. द्रुतगती मार्गावर किंवा घाटात ही काळजी दुप्पट घ्यावी.

गाडी थांबल्यावर इंजिन बंद करावे, काच खाली घ्यावी, रात्रीची वेळ असेल तर आतला दिवा लावावा. रेडिओ वा गाणी चालू असल्यास बंद करावीत. मोटारीच्या चालकाने सांगितल्याशिवाय खाली उतरू नये. वाहत्या रस्त्याच्या बाजूला दार उघडणे धोक्याचे असते. दुचाकीस्वाराने गाडी स्टँडवर लावून मगच हेल्मेट काढावे. मागे बसलेल्या नातेवाइकांनी एकाच वेळी बोलू नये. ‘नमस्कार साहेब, काय झाले?’ एवढे चार शब्द पुरेसे असतात. महिला पोलीस असल्यास ‘मॅडम’ म्हणावे. उन्हात, धुरात आणि पावसात तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला अदबीचे हे चार शब्द दिवसभरात क्वचितच ऐकायला मिळतात.

कोणते कागद, कोणत्या रूपात

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० नुसार सार्वजनिक जागी गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने लायसन तपासणीसाठी दाखवणे बंधनकारक आहे. त्याखेरीज नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, विम्याचे प्रमाणपत्र आणि पीयूसी मागितले जाते. व्यावसायिक वाहन असेल तर परमिट आणि फिटनेसचे प्रमाणपत्रही लागते.

हे सर्व कागद मूळ स्वरूपात जवळ बाळगण्याची गरज आता उरलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली झालेल्या बदलानुसार डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन या सरकारी ॲपमधील कागदपत्रे वैध मानली जातात. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या सुधारणेने, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळता येणाऱ्या कागदाची छापील प्रत मागू नये, असेही स्पष्ट केले आहे. मात्र आरसीचा मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली प्रत म्हणजे डिजिलॉकरमधील कागद नव्हे. हा फरक न समजल्यामुळे कित्येकांचा पोलिसांशी विनाकारण वाद होतो. घरातील ज्येष्ठांच्या आणि दुकानातील चालकांच्या मोबाइलमध्ये ही ॲप घालून देणे, हे घरातील तरुण पिढीचे अर्ध्या तासाचे काम आहे.

विम्याची मुदत हा केवळ दंडाचा प्रश्न मानू नये. विम्याविना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण अशा वाहनाकडून अपघात घडला, तर जखमीची वा मृताच्या वारसांची भरपाई मालकाच्या डोक्यावर येऊन पडते. पिढ्यान्‌पिढ्या उभी केलेली पेढी एका चुकलेल्या नूतनीकरणाने अडचणीत येऊ शकते.

‘आमच्या घरात दारू नाही’

सणासुदीच्या काळात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री शहरांत नाकाबंदी असते. चालकाला यंत्रात फुंकर मारण्यास सांगितले जाते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मद्याला स्पर्श झालेला नाही, त्या घरातील गृहस्थाला हा अपमान वाटतो आणि तो नकार देतो. भावना समजण्यासारखी असली, तरी हा नकार त्याच्याच विरोधात जातो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळणे हा कलम १८५ खालील गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सबळ कारणाविना चाचणी नाकारली, तर ती गोष्ट न्यायालयात त्या व्यक्तीविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी मानता येते.

निर्व्यसनी माणसाला खरे म्हणजे ही चाचणी सर्वांत सोपी आहे. यंत्राला नवी नळी लावावी, एवढी विनंती नम्रपणे करावी, फुंकर मारावी आणि पुढे निघावे. पोलिसाला समोरच्या माणसाचे घराणे ठाऊक नसते. शंभर गाड्यांतील एखादा मद्यधुंद चालक त्याला शोधायचा असतो आणि तो सापडला, तर रस्त्यावरून चाललेल्या प्रत्येकाचेच रक्षण होते.

वाद रस्त्यावर नको

चूक दाखवली गेली आणि ती खरी असेल, तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही. सिग्नल मोडला असेल, सीट बेल्ट लावलेला नसेल, हेल्मेट नसेल, तर ‘हो साहेब, चुकले’ या तीन शब्दांनंतर वाढवण्यासारखे काही उरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा पुष्कळ वाढवल्या आणि महाराष्ट्राने आपले सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. जुन्या शंभर-दोनशे रुपयांच्या हिशेबाने पोलिसाशी घासाघीस करणे निरर्थक आहे. रक्कम त्याच्या हातातील यंत्रात आधीच ठरलेली असते.

चूक झालेलीच नाही, असे चालकाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर? तेव्हाही एकदा शांतपणे आपली बाजू मांडावी आणि थांबावे. रस्त्यावर तडजोड शुल्क भरणे हा मार्ग ऐच्छिक आहे. ज्याला आरोप मान्य नाही, त्याला न्यायालयात आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. ई-चलानाविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. चलानावर दिनांक, वेळ, ठिकाण आणि कलम नोंदलेले असते. ते नीट वाचून घ्यावे. काही गुन्ह्यांत पोलीस लायसन ताब्यात घेऊ शकतात. अशा वेळी त्याची पोचपावती मिळते आणि ती घेतल्याशिवाय तेथून निघू नये. लायसन किंवा नोंदणी नसलेले वाहन पोलीस अडकवूनही ठेवू शकतात. त्यावर रस्त्यात आरडाओरडा करून ते सुटत नाही.

आवाज चढला की हात उठायला वेळ लागत नाही. कायदेशीर आदेश न जुमानणे वा कामात अडथळा आणणे, यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पोलिसाची कॉलर धरणे, त्याला ढकलणे किंवा त्याच्या अंगावर गाडी घालणे हा मात्र निराळाच गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर करणे हा अजामीनपात्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाचशे रुपयांच्या चलानावरून सुरू झालेला वाद अशा रीतीने तरुण मुलाच्या पासपोर्टापर्यंत आणि नोकरीच्या चौकशीपर्यंत पोहोचतो.

पावती नसलेली रक्कम

‘साहेब, काहीतरी बघा’ हे वाक्य कित्येकदा चालकाच्याच तोंडून प्रथम निघते. चहापाण्याच्या नावाखाली शंभराची नोट पुढे होते आणि दोघांचाही वेळ वाचल्याचे समाधान मानले जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्याच्यावर लाच देण्याची सक्ती झाली, त्याला या कलमातून सूट मिळते. परंतु त्यासाठी त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेकडे तक्रार नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे.

व्यापाऱ्याला यासाठी कायद्याचे कलम पाठ असण्याचीही गरज नाही. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती वहीत लिहिता येत नाही आणि जी वहीत लिहिता येत नाही, ती देऊ नये, हा पेढीवरचा साधा नियम चौकातही तितकाच लागू आहे.

पोलिसाचेही वर्तन प्रत्येक वेळी योग्यच असते असे नाही. उद्धट भाषा, विनाकारण अडवणूक किंवा पैशाची मागणी झाल्यास तेथे भांडण्यापेक्षा गणवेशावरील नाव, बक्कल नंबर, वेळ आणि ठिकाण लक्षात ठेवावे व त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे ती देता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१० ‘ब’ नुसार, नियम राबवण्याची जबाबदारी असलेल्यानेच गुन्हा केला, तर त्याला दुप्पट दंड आहे. कायद्याने दोन्ही बाजूंना बांधले आहे, ही जाणीव असलेला माणूस आवाज चढवत नाही.

खरा पोलीस आणि तोतया

दागिने, रोकड किंवा किमती माल सोबत असणाऱ्यांनी एक सावधगिरी विशेषत्वाने बाळगावी. साध्या कपड्यांतील एखादा इसम स्वतःला पोलीस म्हणवून दुचाकीवरील ज्येष्ठ गृहस्थाला वा गृहिणीला अडवतो. पुढे चोरी झाली आहे, अंगावरचे सोने काढून रुमालात बांधा, असे सांगतो आणि हातचलाखीने पुडी बदलतो. हा प्रकार महाराष्ट्रातील अनेक शहरांत घडला आहे. वाहतूक तपासणीसाठी लायसन मागणारा अधिकारी गणवेशात असतो आणि त्याचा दागिन्यांशी काहीही संबंध नसतो. संशय आल्यास अंगावरची वस्तू काढू नये, माणसांच्या वर्दळीत जाऊन थांबावे आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा. रात्री एकट्याने गाडी चालवणाऱ्या भगिनीने इंडिकेटर देऊन वेग कमी करावा, जवळच्या पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या ठिकाणी थांबावे आणि तेथे थांबण्याचे कारण पोलिसाला नम्रपणे सांगावे. मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून आलेल्या चलानाच्या संदेशातील फाइल उघडू नये. चलान खरे आहे की नाही, ते महाट्रॅफिक ॲपवर वाहन क्रमांक घालून पाहावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

मालकाची जबाबदारी

दुकानाच्या टेम्पोचा चालक चौकात अडवला जातो, तेव्हा तो एकटा नसतो. त्याच्यामागे मालकाचे नाव उभे असते. पीयूसी संपलेली, टायर गुळगुळीत झालेले, मागचा दिवा बंद आणि पाटा बसेल एवढा माल भरलेला, अशा स्थितीत ‘जाऊन ये लवकर’ म्हणून सोडलेल्या चालकाने पोलिसाशी कसे वागावे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मालकाला राहत नाही. क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास कलम १९४ नुसार वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. वाहन चालवणाऱ्याइतकाच ते चालवू देणाराही त्याला पात्र ठरतो. वजनासाठी थांबण्यास नकार दिला किंवा वजनापूर्वी माल उतरवला, तर दंड चाळीस हजारांवर जातो. मालाचे बिल आणि आवश्यक तेथे ई-वे बिल चालकाजवळ असलेच पाहिजे. कागद दुकानात आणि माल रस्त्यावर, अशी स्थिती असेल तर चालक कितीही नम्र असला, तरी सुटणार नाही.

मालकाच्या हयगयीचे चलान चालकाच्या पगारातून कापून घेणे, ही अनेक ठिकाणची रीत आहे आणि ती अन्याय्य आहे. वेग, सिग्नल, चालवताना मोबाइलवर बोलणे यांचा दंड चालकाचा असू शकतो. पीयूसी, विमा, फिटनेस आणि जादा माल यांचा दंड मालकानेच सोसला पाहिजे. हा हिशेब आधी बोलून ठरलेला असेल, तर चालक पोलिसासमोर घाबरत नाही, पळत नाही आणि खोटे बोलत नाही. ‘पोलिसाने अडवले तर कागद दाखव, चलान घे आणि परत ये, मी रागावणार नाही,’ एवढे आश्वासन मालकाने चालकाला द्यावे. महिना पंधरा-वीस हजारांवर घर चालवणाऱ्या माणसाला त्याचे मोल फार मोठे असते.

दुसरी जबाबदारी घरातील मुलांची. दहावी-अकरावीतील मुलगा क्लासला स्कूटर घेऊन जातो, याचे कौतुक होते. कायद्याने सोळाव्या वर्षी केवळ ५० सीसीपर्यंतची विनागिअरची दुचाकी चालवता येते आणि तीही लायसन घेऊन. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून अधिक क्षमतेच्या असतात. इतर खासगी वाहनांसाठी अठरा वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९ ‘अ’ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर महाराष्ट्रातील प्रत्येक पालकाला हे कलम माहीत असायला हवे होते. तरीही शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही शहरातील रस्त्यावर नजर टाकली, तर काय दिसते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मुले सांगितलेले कमी आणि पाहिलेले अधिक शिकतात. मागच्या आसनावर बसलेला आठ वर्षांचा मुलगा वडिलांना पोलिसासमोर पाहत असतो. वडिलांनी लायसन काढून दिले, चलानाची रक्कम भरली, पावती घडी करून खिशात ठेवली आणि आभार मानून गाडी पुढे घेतली, तर ते त्याच्या मनात राहते. वडिलांनी फोन लावून ‘घ्या, साहेबांशी बोला’ म्हटले, तर तेही तितकेच पक्के राहते. दहा वर्षांनी तो स्वतः चौकात अडवला जाईल, तेव्हा यांपैकी काय करील, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा जुन्या वर्षाचे येणे-देणे पाहून नवी वही उघडली जाते. त्याच आठवड्यात घरातील आणि दुकानातील प्रत्येक वाहनाचे एक पान लिहून काढावे: विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते, फिटनेसची तारीख कोणती, चालकाच्या लायसनची मुदत किती, भरायचे राहिलेले चलान कोणते. पीयूसीची मुदत वाहनाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्ष असते, म्हणून अक्षयतृतीयेला ते पान पुन्हा एकदा पाहावे. ज्या घरात हे पान पूर्ण भरलेले असते, त्या घरातील माणसाला चौकातील शिट्टी ऐकून फोन शोधावा लागत नाही.